माईकवाला भरवशाचा कोणता?

अकोट म्हटले की कापसाची बाजारपेठ आणि सतरंज्या आठवतात. परंतु या गावात आणि आसपासच्या तेल्हारा, हिवरखेड, अंजनगाव, दर्यापूर या भागात आणखी एक धंदा चालतो, ज्याची गणना धंद्यांत फारशी कोणी करीत नाही. तो म्हणजे माईक आणि लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा. कुठे तो बिछायत केंद्राला जोडून असतो, कुठे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाला, तर कुठे एखाद्या तरुणाने कर्ज काढून स्वतंत्र 'साऊंड सर्व्हिस' उघडलेली असते. निकाह, सीरतचा जलसा, उर्स, कव्वाली, मुशायरा, शेजारच्या मोहल्ल्यातील हरिनाम सप्ताह, नरसिंग महाराजांची यात्रा, निवडणुकीच्या सभा, यांपैकी एकही कार्यक्रम माईकवाल्याशिवाय पार पडत नाही.

या धंद्यात आपले अनेक कारागीर बांधव आहेत आणि नवीन मुलेही येऊ पाहत आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांचा असा समज असतो की ज्याची मशीन जास्त वॉटची आणि ज्याच्या पेट्या उंच, त्याचा धंदा मोठा. आमचे मत वेगळे आहे. सामान पैसे टाकले की मिळते. आज तुमच्याकडे असलेली मशीन उद्या शेजारचा दुकानदारही आणू शकतो. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते ते माणसाच्या भरवशावर. हा भरवसा कशाने तयार होतो, हे आपण पाहू.

एकदाच येणारा क्षण

सुताराचा दरवाजा घट्ट बसला तर रंधा मारून तो दुसऱ्या दिवशी सैल करता येतो. शिंप्याने शिवलेला सदरा उसवता येतो. माईकवाल्याच्या कामाला अशी मुदत नसते. काझीसाहेब खुत्बा पढतात, दुल्ह्याला विचारतात आणि तो 'कबूल है' म्हणतो. एवढ्यात माईकने खरखर केली, तर तो शब्द पुन्हा त्याच घडीला म्हणता येत नाही. मागे बसलेल्या बुजुर्गांना तो ऐकू आला नाही, ही रुखरुख त्या घरात राहते आणि नाव माईकवाल्याचे निघते.

ईदगाहवर तर याहून मोठी जबाबदारी असते. मोठ्या जमातीत इमामाची तकबीर मागच्या सफांपर्यंत पोचविण्यासाठी मुकब्बिर नेमण्याची पद्धत लाऊडस्पीकर येण्याच्या कितीतरी आधीची आहे. नमाज सुरू झाल्यावर वीज गेली तर त्या क्षणी कोणताही कारागीर काही करू शकत नाही. म्हणून समजदार माईकवाला आदल्या दिवशीच मुंतजिमांना सांगतो, "बॅटरीची सोय मी केली आहेच, तरी तुम्ही चार ठिकाणी मुकब्बिर सांगून ठेवा." आपले यंत्र बंद पडू शकते हे जो आधी मान्य करतो आणि त्याची तजवीज करतो, त्याला आम्ही भरवशाचा माणूस म्हणू.

नाव कसे होते?

आपल्या देशात या धंद्यात मोठे नाव झाले ते 'शिकागो रेडिओ'चे. नावात शिकागो असले तरी ही मोटवाने या सिंधी कुटुंबाची पेढी. तिची सुरुवात १९०९ मध्ये सक्करला झाली आणि पुढे ती मुंबईत आली. गांधीजींचा आवाज हजारोंच्या गर्दीत मागे पोचत नाही हे पाहून नानिक मोटवाने यांनी सभांसाठी लाऊडस्पीकर लावण्याचे काम अंगावर घेतले. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये त्यांचे लाऊडस्पीकर होते. गांधी-नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रे पाहा, माईकवर 'शिकागो' अशी पाटी दिसते. लाखोंच्या सभेत नेत्याचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत जात राहिला, म्हणून ती पाटी लोकांच्या लक्षात राहिली. पुढे अहुजासारख्या देशी कंपन्यांची मशीन व भोंगे खेड्यापाड्यांत पोचले आणि तालुक्याच्या कारागिराला हा धंदा खुला झाला.

आधी जागा पाहावी

ऑर्डर घेतली आणि ऐन वेळी गाडी भरून निघाले, ही पद्धत बंद केली पाहिजे. आदल्या दिवशी जागा पाहून यावी. मंडप किती लांब आहे, श्रोते कोठवर बसणार, जनाना मंडप कोणत्या बाजूला, वीज कोठून घ्यायची, जवळ दवाखाना आहे काय, या गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात.

उघड्यावर पेटीपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. १० फुटांवर जो आवाज आहे तो १६० फुटांवर २४ डेसिबलने कमी झालेला असतो. उलट, मशीनचे वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. याचा अर्थ असा की स्टेजजवळ दोन पेट्या ठेवून मशीन वाढवीत गेलात तर पुढच्यांचे कान बधिर होतील आणि मागच्यांना शब्द समजणार नाही. त्यापेक्षा मंडपाच्या मध्यावर दोन लहान पेट्या कमी आवाजात लावाव्यात. खर्च कमी आणि ऐकणारे समाधानी.

परंतु येथेही एक अडचण आहे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर, म्हणजे ११०० फुटांच्या आसपास जातो. तारेतून मात्र तो क्षणात पोचतो. मधली पेटी स्टेजपासून ११० फुटांवर असेल तर तेथील माणसाला जवळच्या पेटीचा शब्द आधी आणि स्टेजकडचा शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाने नंतर ऐकू येतो. शब्दावर शब्द चढतो आणि बयान घोळल्यासारखे वाटते. आताच्या डिजिटल मिक्सरमध्ये हा उशीर आकड्याने भरता येतो. दर फुटाला साधारण १ मिलिसेकंद धरले तरी काम भागते. ही सोय नसेल तर पेट्यांमधील अंतर ५०-६० फुटांच्या आत ठेवावे.

पत्र्याच्या शेडमध्ये आणि टाईल्स लावलेल्या मंगल कार्यालयात आवाज घुमतो. तेथे मशीन वाढविणे म्हणजे घुमारा वाढविणे. पेट्या भिंतीकडे न करता श्रोत्यांकडे, किंचित खाली झुकवून लावाव्यात. स्टेजवर आणि मागच्या भिंतीला जाड कापड लावले तर आवाजातील कर्कशपणा कमी होतो. अकोटच्या माणसाला सतरंजी कोठून आणावी हे सांगावे लागत नाही.

शिट्टी का वाजते?

माईक जो आवाज घेतो तो पेटीतून निघतो. तोच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की चक्र सुरू होते आणि शिट्टी वाजते. म्हणजे शिट्टी हा बहुतेक वेळा सामानाचा दोष नसतो, मांडणीचा असतो. पेट्या नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असाव्यात. न लागणारे माईक बंद ठेवावेत.

सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे माईक तोंडाजवळ आणणे. १ फुटावरचा माईक ३ इंचांवर आणला तर त्याला सुमारे १२ डेसिबल जास्त आवाज मिळतो, आणि तेवढी मशीन कमी करता येते. पुष्कळ वक्ते माईकची जाळी मुठीत धरतात. साधा हातातला माईक समोरचा आवाज जास्त व मागचा कमी घेतो. जाळी झाकली की हा गुण जातो आणि शिट्टी सुरू होते. कार्यक्रमाआधी वक्त्याला अदबीने एवढे सांगावे, "हजरत, माईक खालून धरावा आणि तोंडापासून चार बोटे ठेवावा." बहुतेक लोक आनंदाने ऐकतात. माईकवर फुंकर मारणे किंवा टकटक करणे मात्र स्वतःही करू नये आणि दुसऱ्यालाही करू देऊ नये.

कार्यक्रम तसे कान

प्रत्येक कार्यक्रमाची गरज निराळी असते. बयानात शब्द स्वच्छ हवा; तेथे बेस वाढविला तर शब्द गढूळ होतो. मुशायऱ्यात एक शायर उंच, दुसरा ठेंगणा. एक तरन्नुममध्ये पढतो, दुसरा तहतमध्ये. प्रत्येकाच्या वेळी स्टँडची उंची बदलायला माणूस जवळ हवा. दाद उठली की शायर तोच मिसरा पुन्हा पढतो, तेव्हा कारागिराचे लक्ष मोबाईलमध्ये असून चालत नाही.

कव्वालीत मुख्य कव्वाल, साथीदार, हार्मोनियम, तबला-ढोलक आणि टाळ्या, हे सगळे एकदम वर येते. टाळ्या मुळातच मोठ्या असतात. त्यांना वेगळा माईक देण्याची घाई करू नये. हार्मोनियमचा माईक भात्याच्या अगदी जवळ नको, हवेचा फरफराट येतो. आधी कव्वालाचा शब्द, मग हार्मोनियम, मग ताल, या क्रमाने आवाज बसवावा. कव्वालाला स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी स्टेजवर लहान पेटी द्यावी आणि ती त्याच्या माईकच्या बरोबर पाठीमागच्या दिशेला ठेवावी. आवाज बसला की जागेवरून उठावे, शेवटच्या रांगेत जाऊन बसावे आणि तेथे काय ऐकू येते ते पाहावे. मशीनजवळ बसून मंडपाचा अंदाज येत नाही. जनाना मंडपाचे काम तर हमखास विसरले जाते. तेथे एक लहान पेटी, वेगळ्या बटनावर आणि हलक्या आवाजात दिली, तर घरातील स्त्रिया पुढच्या लग्नाला याच माणसाचे नाव घेतात.

वीज: येथे चूक माफ नाही

आतापर्यंतच्या गोष्टी चुकल्या तर बदनामी होते. वीज चुकली तर जीव जातो. म्हणून हा भाग आम्ही जास्त आग्रहाने मांडतो.

पहिली गोष्ट, तारेवर आकडा टाकून वीज घेऊ नये. तो गुन्हा तर आहेच, शिवाय तेथे अर्थिंग नसते आणि बचावाचे कोणतेही साधन नसते. दुसरी, मशीन जोडण्याआधी मीटरने व्होल्टेज मोजावे. ते २३० च्या आसपास पाहिजे. थ्री-फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला तर ते ४०० च्या घरात जाऊ शकते. तेव्हा मशीन तर जळतेच, माणसालाही धोका असतो. तिसरी, पेट्यांतून 'घूंऽऽ' असा आवाज येतो म्हणून पिनचा अर्थिंगचा पाय काही जण कापून टाकतात. असे कदापि करू नये. मशीनच्या धातूच्या पेटीत करंट उतरला तर अर्थिंगवाचून तो माईकपर्यंत जातो आणि ओठ टेकविणाऱ्या वक्त्याला झटका बसतो. घुमघुम थांबवायची असेल तर सर्व सामान एकाच ठिकाणच्या विजेवर घ्यावे आणि माईकची तार विजेच्या तारेपासून लांब ठेवावी. चौथी, ३० मिलिअँपियरवर तुटणारा ईएलसीबी आपल्या बोर्डात कायमचा बसवून घ्यावा. एका चांगल्या माईकच्या मानाने त्याची किंमत फार नसते आणि काम मात्र जीव वाचविण्याचे असते.

जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विचशिवाय तो जोडू नये. जनरेटरची वीज उलटी लाईनवर गेली तर खांबावर काम करणारा लाईनमन मरू शकतो. भोंगे बांधण्यासाठी लोखंडी पाईप किंवा ओला बांबू उभा करताना वरून जाणारी लाईन आधी पाहावी. पाऊस पडून गेला असेल, जमीन ओली असेल, आणि मालक म्हणत असेल "चालू द्या, काही होत नाही," तर "नाही" म्हणण्याची हिंमत ठेवावी. एक ऑर्डर गेली तरी चालेल.

पेटीत काय असावे?

भरवशाचा कारागीर त्याच्या हत्यारांच्या पेटीवरून ओळखावा. तीत टेस्टर, मीटर, सोल्डर आणि त्याची वायर, योग्य अँपियरचे फ्यूज, इन्सुलेशन टेप, बॅटरी, सुटे सेल, दोन जादा माईक, चार जादा केबल आणि पिना असाव्यात. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे स्वतःच्या मशीनला आग लावण्याची तयारी होय. कॉर्डलेस माईक सोयीचा आहे, पण त्याचा सेल दगा देतो. म्हणून त्याच्याजवळ तारेचा एक माईक नेहमी चालू स्थितीत ठेवावा. परत आल्यावर केबल ओढून-पिळून गुंडाळू नये. तिच्या नैसर्गिक वळणाने गोल करावी. खराब केबलला तेथेच गाठ मारून बाजूला टाकावे, म्हणजे ती चुकून पुढच्या कार्यक्रमाला जाणार नाही.

भोंगे जोडतानाही हिशेब लागतो. १०० व्होल्टच्या लाईनवर १५ वॉटचे ८ भोंगे लावले तर १२० वॉट झाले. त्याला १६० वॉटची मशीन आरामात पुरते. त्याच मशीनवर १६ भोंगे लादले तर ती तापून बसणार. पेट्यांच्या बाबतीत ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम, चार जोडल्या की २ ओहम होतात. मशीन २ ओहमसाठी बनलेली नसेल तर ती जळते, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो.

कायदा आणि कान

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली लागू झाले. त्यानुसार लाऊडस्पीकरसाठी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते; ते दिवस जाहीर केले जातात. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, बाजारपेठेत ६५ व ५५ अशी मर्यादा आहे. कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्रीच्या बंदीवर शिक्कामोर्तब केले. हा नियम सर्व धर्मांच्या कार्यक्रमांना सारखाच आहे.

परवानगी काढणे आयोजकांचे काम, असे म्हणून माईकवाल्याने हात झटकू नयेत, कारण जप्त होते ते त्याचे सामान. परवान्याची एक प्रत खिशात ठेवावी आणि १० वाजण्याआधी पंधरा मिनिटे आयोजकांना आठवण द्यावी. कानांचाही विचार हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सांगितली. रोज कामावर असणाऱ्यांसाठी तर ८ तासांना ८५ डेसिबल ही शिफारस धरली जाते आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ज्याला आयुष्यभर कानावर पोट भरायचे आहे, त्याने रात्र रात्र पेट्यांच्या तोंडाशी उभे राहावे, हा कोठला व्यापार?

शब्द आणि हिशेब

लग्नसराईत एकाच तारखेच्या तीन ऑर्डर येतात. दोन घेऊन तिसरीला मोडके सामान व नवखा पोरगा पाठविणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशी गल्ला भरतो, पण एका घराण्याची पुढची सगळी लग्ने हातची जातात. आपल्याला जमत नसेल तर सरळ सांगावे आणि दुसऱ्या चांगल्या माणसाचे नाव द्यावे. उद्या तोही तुमच्याकडे गिऱ्हाईक पाठवील.

व्यवहार तोंडी ठेवू नये. तारीख, वेळ, माईक किती, पेट्या किती, जनरेटर कोणाचा, परवानगी कोणाची, इसारा किती, बाकी केव्हा, एवढे एका चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ओळखीत लिहिणे कसेसे वाटते, परंतु भांडण टळते ते लिहिण्यानेच. भाड्याच्या दर १०० रुपयांतून १० रुपये दुरुस्तीसाठी वेगळे काढावेत. असे केले तर मशीन बिघडल्यावर व्याजाने पैसे उचलण्याची वेळ येत नाही. सोबतच्या पोरांची मजुरी त्याच रात्री द्यावी. रात्रभर जागणारा पोरगा उपाशी असेल तर मालकाच्या मशीनकडे कोण पाहणार?

शिकायचे कोठे? आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन व इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे अभ्यासक्रम आहेत. त्यातून वीज आणि सर्किट समजते. कान मात्र जाणत्या उस्तादाच्या हाताखाली, शेवटच्या रांगेत बसूनच तयार होतो. दोन्ही पाहिजेत. नुसता उस्तादाकडे राहिलेला मुलगा अर्थिंगकडे दुर्लक्ष करतो, आणि नुसता सर्टिफिकेटवाला शिट्टी वाजली की घाबरतो.

आमच्या आयोजक बांधवांनाही एक विनंती. माईकवाला ठरविताना फक्त 'किती घेशील?' एवढेच विचारू नका. 'जागा पाहायला केव्हा येशील? वीज गेली तर काय करशील?' असे विचारा. जो या दोन प्रश्नांची उत्तरे न अडखळता देतो, त्याला शंभर-दोनशे रुपये जास्त द्यावे लागले तरी ते वाया गेले असे समजू नका. कार्यक्रम संपल्यावर लोक घरी जाताना बयानाविषयी, शेरांविषयी, दुल्हा-दुल्हनविषयी बोलत असतील आणि माईकविषयी कोणी एक शब्दही काढला नसेल, तर समजावे की त्या कारागिराने आपली मजुरी हक्काने कमावली.